भुताचे मालक

बारामतीहून इंदापूरकडे निघालं आणि सणसर मागं टाकलं, की रस्त्याला लागून बाजाराची छोटी छोटी गावं लागतात. त्यांतलंच ते एक. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक बघायला जातात, आणि तिथलं भूत अजून पुरतं सेवानिवृत्त झालेलं नाही.

या भुताचे मालक माझेही मालक होते, म्हणजे गाळामालक. त्यांच्या दोन गाळ्यांपैकी एकात ते स्वतः ट्रॅक्टरच्या सीट शिवायचे आणि दुसऱ्यात माझं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान होतं. गाव त्यांना चाचा म्हणे. ते मला ‘फ्लेक्सवाले’ म्हणत. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं असा माझा समज आहे. मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. नाव कळलं की मानूस परका वाटाया लागतो."

गाळा मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. स्टुलावर बसायला सांगितलं आणि मागं जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "डाव्या अंगावर बसताय. पाकीट मागच्या खिशात ठिवता व्हय?" मी हो म्हणालो. "फुडं ठिवा. मनका जाईल." झालं, गाळा मिळाला. ओळखीचा दाखला नाही, करारनामा नाही. माणूस तोंडानं खोटं बोलतो, बैठकीनं बोलत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलीच्या बापानं चाचांनाही बोलावून घेतलं होतं. चाचांनी नवऱ्या मुलाकडे एकदा पाहिलं आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "खुर्चीच्या टोकावर बसतंय पोरगं." लग्न मोडलं. पुढं तो मुलगा तालुक्याच्या राजकारणात गेला आणि तिथंही अजून खुर्चीच्या टोकावरच आहे.

गळ्यात टेप, टोपीच्या काठाला टोचलेली दाभणं आणि बसायला उलटं केलेलं पिंप, असा त्यांचा थाट. पंचक्रोशीतल्या निम्म्या ट्रॅक्टरांच्या सीट त्यांच्या हातच्या, पण स्वतः ते कधी ट्रॅक्टरवर बसले नाहीत. गिऱ्हाइकाच्या जागेवर बसू नये म्हणत. रेक्झिनच्या आत, फोमच्या खाली ते माझ्याकडचे जुने फ्लेक्स घालत. वाढदिवस झाला, निवडणूक झाली, की उतरवलेले फ्लेक्स माझ्याकडे यायचे आणि चाचा ते कापून अस्तराला वापरायचे. अख्ख्या तालुक्याचे ट्रॅक्टरवाले कोणत्या ना कोणत्या नेत्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर बसून नांगरट करतात, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. "मी पक्ष बघत न्हाय," चाचा म्हणायचे. "कापड बघतो."

त्यांना एक व्यसन होतं, थापा मारण्याचं. फायद्यासाठी नाही, गावातल्या बातम्यांत जरा जीव यावा म्हणून. थाप मारायची वेळ आली की ते दाभण घेऊन त्यात सुतळी ओवायला लागायचे, म्हणजे नजर खाली राहते. मला हे ध्यानात यायला वर्ष लागलं. गावाला ते कधीच ध्यानात आलं नाही.

आता भुताकडे येतो.

गावाच्या कडेला, रस्त्याला चिकटून जुनं कबरस्तान आहे. ढासळलेला दगडी गडगा, चिंचेची दांडगी झाडं, मधे बाभळी. मी गावात आल्या आल्या जो भेटेल त्यानं मला तिकडं न फिरकण्याचा सल्ला दिला. मी विचारलं, धरतं का? तर नाही. मारतं का? छे छे. हे भूत ऊस खातं. कबरस्तानाशेजारी ज्याची उसाची ट्रॉली उभी राहील, त्याचा ऊस कारखान्याच्या काट्यावर कमी भरतो. "मानसाला बोट लावत न्हाय वो ते," लोक जावयाचं कौतुक करावं तसं सांगायचे. "फकस्त ऊस वडतं."

ज्यांच्याकडे ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. भरलेली ट्रॉली कारखान्यात जाते, काट्यावर उभी राहते आणि काट्यावर जो आकडा येतो तो वर्षाचा निकाल. हा आकडा आपल्या अंदाजापेक्षा कमी आला नाही असा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. पण काट्याशी भांडायचं कसं? पुढच्या साली ऊस त्याच दारात घालायचा असतो. अशा माणसाला दोष द्यायला एक गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं भूत मिळालं तर तो का सोडेल? काटेवाले खूश, शेतकरी खूश, आणि वाटेत चार मोळ्या गुऱ्हाळाला टाकणारे ड्रायव्हर तर सगळ्यात खूश.

भुताची कीर्ती पसरली तशी त्याच्यात भर पडत गेली. कोऱ्हाळ्याकडचे ड्रायव्हर म्हणत, ती हिरव्या साडीतली बाई आहे. माळेगावच्या बाजूला असं ठरलं होतं, की ते सायकलवरून ट्रॉलीच्या मागं लागतं आणि शाळकरी पोरांसारखं ऊस ओढतं. हा सायकलचा मजकूर मी एकदा चाचांना हसत हसत सांगितला, तर ते एकदम तापले.

"सायकल कुठनं आली? मी सायकल दिलीच न्हवती!"

त्यांच्या हातात तेव्हा दाभण नव्हतं. मी नुसता बघत राहिलो. ते पिंप माझ्याजवळ ओढून म्हणाले, "कुनाला सांगू नका. पन सायकल म्हंजे लईच झालं."

भूत त्यांनी तयार केलं होतं. चाची वारल्या, त्यांची माती त्या जुन्या कबरस्तानात झाली. पहिल्याच हंगामात चाचा एका सकाळी फुलं घेऊन गेले, तर आत ट्रॉल्या लावलेल्या. रस्त्याकडेला सावली, आडोसा आणि फुकटची जागा, ड्रायव्हरांना आणखी काय हवं? एका ट्रॉलीचं चाक चाचींच्या कबरीच्या पायथ्यावरून गेलं होतं. चाचा ग्रामपंचायतीत गेले, तिथं ठराव झाला. मशिदीच्या जमातीकडे गेले, तिथं हळहळ झाली. पोलिसांकडे गेले, तिथं चहा झाला. शेवटी सगळ्यांनी मिळून ‘वाहने लावू नयेत’ असा बोर्ड लावला आणि दुसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टर त्या बोर्डाच्या सावलीत उभा होता.

तो ट्रॅक्टर होता आबांचा. आबा म्हणजे गावातले मोठे ऊसवाले. कुठल्याशा सोसायटीचे माजी चेअरमन, दिसायला तापट, आतून भित्रे. ते सीट बदलायला चाचांकडे आले. चाचांनी दाभण घेतलं, सुतळी ओवायला लागले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबा, काल ऊस कमी भरला का वो?"

आबा चमकले. "तुमाला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाय. ट्रॉली कबरस्तानात हुती न्हवं? म्हनून इचारलं."

बस. यापलीकडे त्यांनी काही केलं नाही. ऊस कमी भरलेला असणारच होता, तो रोजच भरत होता. संध्याकाळपर्यंत भूत तयार झालं, दोन दिवसांत त्याला गोडाची आवड लागली आणि आठवडाभरात कबरस्तान रिकामं झालं. "भूत दाखवाया जायचं न्हाय फ्लेक्सवाले," चाचा मला म्हणाले. "नुसतं इचारायचं. बाकीचं लोक करत्यात." लोकांनी तर त्याला कारखान्यासारख्या तिन्ही पाळ्या लावल्या. ते दिवसाढवळ्यासुद्धा ऊस ओढायला लागलं.

एवढं यश चांगलं नसतं. ड्रायव्हर गेले, शेळ्या गेल्या, शेजारचा बांध दरसाल आत सरकायचा तोही थांबला. पण मग चाचांच्याच जमातीतले लोकही यायचे थांबले. आयांनी पोरांना बंदी केली. ज्यांची आजी, ज्यांचा काका तिथं मातीखाली होता, तेही रस्त्यावरूनच हात उचलून दुवा मागायला लागले. शेवटी जमातीचे सदरसाहेब म्हणजे अध्यक्ष, भुसार मालाचे व्यापारी, मोठे उत्साही, यांनी खटपट करून बायपासजवळ नवी जागा मिळवली. तिथं गेट झालं, नळ झाला, पेव्हिंग ब्लॉक झाले. मय्यती नव्या जागेत जायला लागल्या. जुनं कबरस्तान कुणी बंद केलं नाही, ते आपोआप बंद झालं. फक्त चाचा दर जुम्म्याला तिथं जायचे. गाव म्हणायचं, भूत त्यांना ओळखतं. यात खोटं काहीच नव्हतं.

मग चाचांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांचा मुलगा बारामतीला एमआयडीसीत कामाला. तो त्यांना तिथल्या दवाखान्यात घेऊन गेला. परत आले ते गोळ्यांची पिशवी घेऊन आणि विचारात पडलेले. मुलगा त्या दिवशी दुकानातच बसला होता. चाचांनी त्याला सरळ सांगितलं, "मला तुझ्या अम्मीच्या बाजूला ठेवायचं."

मुलगा भला होता, म्हणूनच खरं बोलला. "अब्बा, तिकडं खांदा द्यायला कोण येणार? कबर खणणारासुद्धा पाऊल टाकत नाही. लोक गडग्याबाहेर थांबतील आणि मी एकटा आत असेन. त्यापेक्षा नव्यात... सदरसाहेब म्हणत होते, आता तिथं पार्किंग पण होणार आहे."

"मला पार्किंग कशाला?"

"सीसीटीव्ही पण आहे."

"कोन पळून चाललंय?" चाचा म्हणाले. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. मुलगा गेल्यावर त्यांनी एक सीट शिवायला घेतली आणि उलटी शिवली. चाचांच्या हातून असं झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भुताचा जाहीर निकाल लावायचं ठरवलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात सकाळची गर्दी असते. आबा होते, सदरसाहेब होते, मी होतो. चाचा मधोमध उभे राहिले, हात मोकळे, आणि म्हणाले, "ऐका. कबरस्तानात भूतबित काय न्हाय. ती थाप मी मारली हुती."

आयुष्यात एवढं खरं ते प्रथमच बोलत असावेत. मग सदरसाहेब हळहळले. "बघा. त्याच्याकडं जाऊन जाऊन शेवटी चाचांच्या तोंडून बोलाया लागलं."

"अवो मी बोलतोय!"

"तेबी असंच म्हननार," सदरसाहेब म्हणाले.

आबांना मात्र राग आला. "चाचा, भूत न्हाय म्हनता? मग माझा ऊस कमी का भरला इतकी वर्सं?"

सगळे चाचांकडे पाहायला लागले. याचं उत्तर हॉटेलातल्या पोऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते उच्चारलं असतं तर कुणाला तरी उठून काट्यावर जावं लागलं असतं. चाचांनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा आबांच्या बैठकीकडे पाहिलं आणि गप्प राहिले. "तर मग!" आबा म्हणाले आणि दुसरा चहा मागवला. भूत बहुमतानं कायम झालं.

फ्लेक्सची कल्पना माझी. धंद्याचा गुण. म्हटलं, तोंडी सांगून लोक ऐकत नाहीत, छापलेलं ऐकतात. चाचांना फ्लेक्स लावायची शिसारी होती, पण माणूस अडला की काय करणार? मजकूर त्यांनी सांगितला: ‘या कबरस्तानात भूत नाही. सर्वांनी बिनधास्त यावे.’ मी म्हटलं, फोटो कुणाचा टाकायचा? बिनफोटोचा फ्लेक्स फ्लेक्स वाटत नाही.

"भुताचा कुठनं आनू?" चाचा म्हणाले.

तर असा बिनफोटोचा, पिवळ्यावर लाल अक्षरांचा फ्लेक्स बांधायला आम्ही दोघं त्या कबरस्तानात गेलो. माझी ती पहिली खेप. लख्ख दुपार होती, रस्त्यावरून एसट्या चालल्या होत्या, भुताचा मालक स्वतः बरोबर होता, तरी गडगा ओलांडताना माझी पोटरी थरथरली. भूत खोटं आहे हे डोक्याला कळतं, पोटरीला कळत नाही. चाचांनी आत पाऊल टाकताना सगळ्यांना मिळून एक सलाम घातला आणि मला म्हणाले, "घाबरू नका. तुमाला कुठं ऊस हाय?"

आत गेल्यावर मात्र मी चकित झालो. बाहेरून रान दिसत होतं, पण आतली पायवाट झाडलेली होती. बाभळी फक्त रस्त्याच्या बाजूला राखलेल्या, आडोशापुरत्या. चिंचेखाली चाचींची कबर, साधा मातीचा उंचवटा, कडेनं दगड. आणि तिच्या शेजारी मोकळ्या जागेत एक जुनी ट्रॅक्टरची सीट ठेवलेली, काळं रेक्झिन, चारी बाजूंनी दुहेरी टाका. मला वाटलं, ते तिच्यावर बसत असतील. पण चाचा खाली मातीत बसले.

"ही बसाया न्हाय," ते म्हणाले. "एसटीत कशी, खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात? तसं हाय हे. जागा धरलीया." मग कबरीकडे तोंड करून म्हणाले, "हे फ्लेक्सवाले. बैठक सुधारलीया ह्यांची."

थर्मासमधला चहा आम्ही टोपणातून प्यायलो. चाचांनी गळ्यातली टेप काढून कबरीच्या कडेपासून सीटच्या पलीकडपर्यंत धरली. "पुरतंय. मी उंचीला कमीच हाय." टेप गुंडाळताना त्यांचा हात थांबला. "ही कधी एकटी झोपली न्हाय वो. माहेरीबी बहिनीला घिऊन झोपायची. मी म्हनलं, ट्रॉल्या घालवू, म्हंजे निवांत पडंल. घालवल्या. आता हिला कुनाचा त्रास न्हाय आन् मलाच हितं याया वाट न्हाय. माझ्याच भुतानं मला अडवलं." एवढं बोलून ते हसले, पण डोळे पुसायला त्यांना खरोखरचा रुमाल काढावा लागला. मी उठून फ्लेक्सच्या दोऱ्या आवळत बसलो.

फ्लेक्सचा परिणाम जोरदार झाला. तोवर गावात दोन-चार संशयी लोक होते. ‘भूत नाही’ असा फ्लेक्स लागल्यावर त्यांचीही खात्री पटली. "काय तर असल्याबिगर एवढा खर्च कोन करंल?" असं त्यांचं म्हणणं. बारामतीहून मुलं मोबाइल घेऊन फ्लेक्ससमोर फोटो काढायला यायला लागली, अर्थात गडग्याच्या बाहेरून. चाचांनी चौथ्या दिवशी फ्लेक्स उतरवला, दुकानात आणला आणि कात्रीनं कापून आबांच्या सीटला अस्तर म्हणून घातला. आबा अजूनही ‘भूत नाही’ या चार अक्षरांवर बसून रान फिरतात.

ती सीट न्यायला आबा आले, त्या दिवशी मी दुकानातच होतो. चाचांनी टोपीतून दाभण काढलं आणि सुतळी ओवायला घेतली. मी झेरॉक्स मशीन बंद केलं.

"आबा, सपान पडलं," चाचा म्हणाले.

"कसलं?"

"त्यो आला हुता. ऊस खानारा." सुतळी नेढ्यातून जाईना. त्यांनी टोक ओलं केलं. "रडत हुता. म्हनला, मला ऊस नगं. ऊस खाऊन तोंड आलं माझं. मला माती पायजे. हितं मातीला कुनी येत न्हाय म्हनून मी आडवा पडतो. जो कुनी हितल्या मय्यतीला ईल, आन् तीन मुठी माती टाकंल, त्याचा ऊस पुरता भरंल बघ म्हनला."

मुसलमानांत मातीला गेलेला प्रत्येक जण कबरीत तीन मुठी माती टाकतो. आमच्याकडेही मातीला जातातच. त्यामुळे आबांना यात अवघड काही वाटलं नाही. त्यांनी फक्त एक व्यवहारी शंका काढली.

"पन चाचा, तितं तर तुमी लोक कुनालाच नेत न्हाय. मय्यत आनायची कुठनं?"

"बघू की," चाचा म्हणाले, आणि सुतळी एकदाची नेढ्यातून गेली. "निघंल कुनीतरी."

यानंतरचे महिने मी जन्मात विसरणार नाही. हिंदू शेतकऱ्यांचं शिष्टमंडळ सदरसाहेबांच्या भुसाराच्या दुकानात गेलं आणि म्हणालं, पुढची मय्यत जुन्यात न्या. सदरसाहेब गांगरले. त्यांनी नळ आणि पेव्हिंग ब्लॉकचं सांगून पाहिलं. आबा म्हणाले, "पेव्हिंग ब्लॉकला ऊस लागत न्हाय." गड्यांनी जाऊन जुन्याचा गडगा लिंपला, वाटेवर मुरूम पडला, सगळं लोकवर्गणीतून. गावातल्या वयस्कर मुसलमानांच्या तब्येतीची तर अशी विचारपूस सुरू झाली, की काही जणांनी घराबाहेर पडणं सोडलं. एका म्हाताऱ्या अत्तारांना साधा खोकला झाला, तर दोन ट्रॅक्टर दारात येऊन उभे राहिले. ते ठणठणीत बरे झाले आणि लोक अभिनंदन करून थोडे खिन्न मनानं परतले.

चाचांकडे सगळ्यात जास्त येत. डाळिंबं आणत, पेरू आणत. "बरं हाय का आता?" असं विचारताना त्यांच्या आवाजात काळजी असायची आणि तिच्या मागं बारीकशी आशा. चाचा सगळ्यांना ओळखून होते. "आज जरा बरं वाटतंय," असं ते मुद्दाम म्हणायचे आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बघून घ्यायचे. मुलगा बारामतीहून आला आणि म्हणाला, "अब्बा, सगळा गाव म्हणतोय, जुन्यातच ठेवू." चाचांनी निरागसपणे विचारलं, "व्हय? गाव म्हनतोय? मग गावाचं मोडू नगंस." त्या संध्याकाळी ते पिंपावर बसून गुणगुणत होते. त्यांना गाता येत नव्हतं. मला ते गाणं फार आवडलं.

ते गेले ते ऐन गळिताच्या दिवसांत, सकाळी, दुकान उघडायच्या आधी.

त्या हंगामाचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण मला शेवट त्यावर करायचा नाही. ऊस काही जास्त भरला नाही, नेहमीइतकाच कमी भरला. पण आता भुताची इच्छा पुरी झालेली असल्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवता येईना. दुसरं कुणी सापडेना. शेवटी आबा आयुष्यात पहिल्यांदा काट्यावर गेले आणि भांडले. मागं पन्नास-साठ जण उभे होते. ऊस किती वाढला हे मला माहीत नाही, पण आबांची बैठक सुधारली, हे मी चाचांच्या नजरेनं सांगू शकतो.

माती दुपारच्या नमाजानंतर होती. रस्त्यावर लांबच्या लांब भरल्या ट्रॉल्या थांबल्या होत्या, कुणीही आत आणली नव्हती. ड्रायव्हर खाली उतरून, डोक्याला रुमाल बांधून रांगेत उभे होते. खांदा बदलायला एवढी झुंबड, की चाचांचा जनाजा जवळजवळ तरंगतच आत गेला. मुलाला वाटलं होतं आपण एकटे असू. त्याला स्वतःच्या बापापर्यंत पोचायला वाट काढावी लागली. चिंचेखालची सीट त्यानं सकाळीच उचलली होती आणि तिच्या जागी खड्डा काढलेला होता. धरलेली जागा चाचांना मिळाली.

तीन मुठी टाकायला रांग लागली. सोनार, न्हावी, एसटीचे कंडक्टर, कोऱ्हाळ्याकडचे ते साडीवाल्या भुताचे ड्रायव्हर. माझी पाळी आली, मी टाकल्या. माझा कुठला ऊस? पण माझे डोळे भरून आले होते आणि मी ते कुणापासून लपवले नाहीत. माझ्यामागं आबा होते. त्यांनी वाकून एक मूठ टाकली, दुसरी टाकली, तिसरी टाकली, हात झटकले आणि बाजूला झाले. दोन पावलं गेले आणि परत आले. पुन्हा वाकले, मूठ भरून घेतली.

सदरसाहेब हळूच म्हणाले, "आबा, तीनच असत्यात."

"व्हय, ठाव हाय," आबा म्हणाले. "त्या तीन उसाच्या झाल्या. ही चाचाची."

त्यांनी ती टाकली. मागचे बघत होते. ज्यांच्या तीन टाकून झाल्या होत्या आणि जे ट्रॉल्यांकडे निघाले होते, तेही वळले. रांग पुन्हा लागली. सदरसाहेब म्हणत राहिले, की कबर वीतभरच उंच असावी, हे बरोबर नाही, पण ऐकतंय कोण? ढीग गुडघ्याच्या वर गेला. शेवटी मुलानं फावडं घेतलं आणि वरची जास्तीची माती उतरवून बाजूला ओढली. बाजूला चाचींची कबर होती. दोन्हींच्या मधे हातभर फट होती, ती भरून गेली.